मिस्त्रींचा लगाम

भिंत पडली तेव्हा माझ्या हातात सांडशी होती. चहाचे पातेले उतरवायला ती उचलली होती. पातेले कुठे गेले, गॅस कुठे गेला, काही कळले नाही. एकदम अंधार झाला, तोंडात माती गेली आणि डाव्या पायावर काहीतरी येऊन बसले, ते उठेना. मी ओरडले. ओरडायला तोंड उघडले तशी आणखी माती आत गेली. म्हणून ओरडणे बंद केले.

खोलीत माझ्याशिवाय मिस्त्रीणबाई होत्या. माझ्या घरमालकाची बायको. मी ओट्याशी उभी होते, त्या टीव्हीसमोर पलंगावर बसल्या होत्या. मधे सहा-सात हातांचे अंतर. माती थुंकून मी हाक मारली, "बाई, व बाई." उत्तर आले नाही.

दिवसाचे अकरा वाजले असतील. बाहेर चार दिवसांची पावसाची झड लागलेली. खोलीच्या मागे बंद पडलेल्या जिनाच्या, म्हणजे कापसाच्या कारखान्याच्या, गोदामाची भिंत होती, विटा आणि मातीची, दोन पुरुष उंच. ती चार दिवस पाणी प्यायली आणि आमच्या अंगावर बसली.

बऱ्याच वेळाने वरून माणसांचा गलका ऐकू आला. मग मशीनचा आवाज. जेसीबी आणला होता. तो सुरू झाला तशी खालची जमीन थरथरायला लागली. माझे डोके तेव्हा ठिकाणावर नव्हते. मला वाटले मी जिनात उभी आहे, कापसाचा रेचा चालू आहे आणि हात आत ओढला जातो आहे. डोक्याजवळ लोखंडी गर्डर होता. त्यावर सांडशीने मी तीन ठोके दिले. थांबून पुन्हा तीन.

त्या तीन ठोक्यांचा अर्थ कळणारा माणूस गल्लीत एकच होता, आणि तो ठार बहिरा होता.

मी फारसे कोणाला मानत नाही. बुवा-महाराज पुष्कळ पाहिले, सगळ्यांना भूक लागते. या माणसाला मात्र मानते. म्हणून लिहिते.

माझे घरमालक मिस्त्री अकोल्याच्या जिनात फिटर होते आणि मी रेच्यावर कापूस घालणारी. कापसातून सरकी वेगळी करते ते मशीन म्हणजे रेचा. एका रांगेत वीस रेचे, समोर तशीच दुसरी रांग. आम्ही बाया मशीनसमोर उभ्या राहून दिवसभर कापूस लोटत असू. आवाज इतका की शेजारणीच्या कानात ओरडले तरी तिला फक्त थुंकी लागायची. मिस्त्री यायच्या आधी कोणाचा पदर किंवा हात रुळात अडकला, तर ती बोंबलायची आणि मशीन चालूच राहायचे. एकीची चार बोटे तशी गेली.

मिस्त्री आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या रेच्यांच्या वरून एक लोखंडी पट्टी नेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आम्हाला गोळा करून सांगितले, "तोंडं बंद ठेवा. कापूस पोटात जाते आणि आवाज कुठीच जात नाई. काही सांगाचं असन तं या पट्टीवर ठोका. एक ठोका म्हंजे थांब, माल येऊन राहिला. दोन म्हंजे चालू कर. तीन म्हंजे बंद."

एक बाई म्हणाली, "ओ मिस्त्री, एवढ्या बोंबलपट्टीत तुमचं ठोकनं आयकाले येईन काय?"

"आयकाचं नाईच आहे," ते म्हणाले. "हात ठेवून पाह्य."

ती पट्टीवर हात ठेवून उभी राहिली आणि मिस्त्रींनी दुसऱ्या टोकाला पान्याने ठोकले. चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला. त्या दिवसापासून मिस्त्री जिनात असले की त्यांचा एक तळहात पट्टीवर किंवा खांबावर असायचाच. जेवताना डबासुद्धा खांबाला टेकून खात. मी तिथे एकवीस वर्षे काम केले. मिस्त्री असताना कोणाचे बोट गेले नाही. माझा एकदा अंगठा गेला असता. तीन ठोके दिले आणि पट्टा थांबला, फक्त नख गेले.

आमच्या सगळ्यांच्या कानांची थोडीफार वाट लागली, पण मिस्त्रींचे कान पार गेले. ते मात्र मानायचे नाहीत. म्हणायचे, "मी बहिरा नाई. जग हळू बोलून राहिलं."

कान गेले तसा त्यांचा तळहात आणखी वाढला. कोणाच्याही वस्तूला हात लावायचे. परवानगी वगैरे नाही. गल्लीत कोणाची मोटरसायकल उभी दिसली की टाकीवर हात ठेवून म्हणायचे, "चेन बदल बे." माझ्या फ्रिजवर हात ठेवून म्हणाले, "आठ दिवस." नवव्या दिवशी फ्रिज बंद पडला. मी चिडून म्हटले, "नजर लावली तुमी." ते म्हणाले, "नजर नाई, हात लावला."

एका हिवाळ्यात मला खोकला झाला. महिनाभर हटेना. मी काढे पीत होते. मिस्त्री अंगणातून चालले होते, मी खोकत बसले होते. आले, पाठीवर तळहात ठेवला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. म्हणाले, "बाई, उजवी बाजू बराबर चालून नाई राहिली. दाखवा कोनाले." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोटो काढला. उजव्या फुप्फुसात पाणी होते. डॉक्टरने विचारले, आधी कोणी तपासले होते? मी म्हटले, जिनातल्या फिटरने.

हे सगळे जीन बंद पडल्यावरचे. मिस्त्रींनी जिनाच्या मागच्या गल्लीत घर बांधले आणि मागे एक खोली काढली. तिचे छत पत्र्याचे, पण पत्र्याखाली त्यांनी जिनाच्या भंगारातला लोखंडी गर्डर आडवा टाकला होता. मिस्त्रीणबाई म्हणत, "एका खोलीले एवढं लोखंड! हत्ती बांधून राहिले काय?" माझा नवरा गेल्यावर ती खोली मी भाड्याने घेतली.

घरात सगळ्यात मोठा त्रास म्हणजे टीव्ही. मिस्त्रींना बातम्या लागत. आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवलेला. मिस्त्रीणबाईंची बहीण जठारपेठेत राहायची. ती भेटायला आली की म्हणायची, "रिक्षातून उतरली आणि अर्ध्या बातम्या आयकूनच घरात पाय ठेवला." मिस्त्रीणबाई दोन्ही कानांत कापूस घालून स्वयंपाक करत. जिनात एक दिवस न जाता त्यांना जिनाचे सगळे मिळाले.

कानाचे यंत्र मिस्त्रींनी एकदा लावून पाहिले. त्यात सगळेच आवाज सारखे मोठे येत, टीव्ही आणि भांडी आणि कुत्री. चार दिवसांत ते काढून त्यांनी पानाच्या डब्यात ठेवून दिले.

मग अमरावतीहून त्यांची लेक आली आणि तिने तो लगाम आणला. टीव्हीमागे ठेवायचा एक छोटा डबा, त्यावर निळा दिवा, आणि कानात घालायच्या दोन नळ्या, त्या हनुवटीखाली एकमेकींना मिळालेल्या. डॉक्टरच्या गळ्यात असते तशा, पण मधे वायर नाही. डब्यातून आवाज हवेतून कानात येतो. मिस्त्रींनी घातले तेव्हा मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "बरं झालं व पोरी. घोड्याले लगाम आनला." तेव्हापासून आम्ही सगळे त्याला लगामच म्हणत असू. मिस्त्रीही म्हणत.

पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हा मी तिथे होते. बातम्या सांगणारी बाई बोलायला लागली आणि मिस्त्री दचकून मागे पाहायला लागले. म्हणाले, "इची जीभ दाताले लागून राहिली. स म्हनते तवा लागते." आम्हाला ते कधी कळले नव्हते. मग ते अंगणात गेले, गल्लीत गेले, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत गेले, लगाम घालूनच. तिथूनही त्यांना घरच्या टीव्हीतल्या बातम्या ऐकू येत होत्या. पानवाल्याला ते हवामान सांगत होते. त्याला वाटले, म्हातारा गेला कामातून.

डब्याबरोबर एक बटणाएवढा माइकही होता, लांब वायरीचा. टीव्हीला वायर लावायची सोय नसेल तर तो टीव्हीच्या तोंडाशी ठेवायचा, अशासाठी. मिस्त्रींनी त्याचा वेगळाच उपयोग काढला. मोबाइल चार्ज करायची बॅटरी लेकीकडून घेतली, सायकलच्या ट्यूबचे रबर कापून ती डब्याला बांधली, आणि डबा कुठेही न्यायच्या लायकीचा केला. मग तो माइक ते कुठे कुठे घालायचे. उकळत्या वरणावर धरायचे. धान्याच्या कोठीत सोडायचे आणि सांगायचे, "सोंडे झाले गव्हाले." कोठी उपसली तर खरेच किडे. एकदा पेरूच्या झाडावर बांधला आणि खाली खाट टाकून डोळे मिटून पडून राहिले. मी विचारले, तोंडासमोर हात हलवून, "काय आहे?" ते म्हणाले, "खार भांडून राहिली. कोनाशी ते समजून नाई राहिलं." तासभर हलले नाहीत. खारीचा आवाज ऐकून त्यांना किती वर्षे झाली होती ते मी विचारले नाही. चेहऱ्यावरून कळत होते.

एकदा तो माइक त्यांनी स्वयंपाकघरात कपाटामागे टाकला आणि विसरले, की विसरल्याचे सोंग केले. मी आणि मिस्त्रीणबाई तिथे वाटाणे सोलत रोज त्यांच्याबद्दल बोलत होतो. नेहमीचेच. ते बहिरे म्हणून आवाजही कमी करत नसू. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीणबाई म्हणाल्या, "हा मानूस मेला तरी बातम्या पायतच राहीन." बाहेरच्या खोलीतून उत्तर आले, "मी मेलो तं बंद करजो. लाइट बिल येते."

मिस्त्रीणबाईंनी वाटाण्यांची टोपली जमिनीवर आपटली. "तीन दिस झाले आयकून राहिले? लाज नाई वाटत?"

"तुमाले वाटली काय बोलाची?"

दोघे आठ दिवस बोलले नाहीत. म्हणजे त्या बोलल्या नाहीत. मिस्त्रींना फरक पडला असेल असे वाटत नव्हते, पण नवव्या दिवशी त्यांनी स्वतः माइक मिस्त्रीणबाईंच्या हातात नेऊन दिला.

मिस्त्रीणबाई साध्या नव्हत्या. मिस्त्रींनी लग्न झाल्यावर त्यांनाही ठोके शिकवायचा प्रयत्न केला होता. टेबलावर एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, असे काहीतरी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "मी काय रेचा आहो? मले नाव आहे. नावानं हाका मारा." तेव्हापासून मिस्त्री त्यांना नावाने हाक मारत, आणि बहिरा माणूस हाक मारतो तशी. चहा पाहिजे झाला की त्यांचे नाव तीन गल्ल्यांना ऐकू जायचे. ठोके त्या कधी शिकल्या नाहीत. एकदा मी शिकवते म्हटले तर म्हणाल्या, "राहू दे तुमचं जिनातलं."

लगाम आला आणि घर शांत झाले. पण डब्याची वायर टीव्हीत घातली की टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद व्हायचा. मिस्त्रींना ऐकू येई, मिस्त्रीणबाईंना नुसती तोंडे हलताना दिसत. त्यांची एक मालिका होती, ती सकाळी अकराला पुन्हा दाखवत. ती पाहायला त्या माझ्या खोलीत यायला लागल्या. पलंगावर त्यांची जागा ठरलेली होती, टीव्हीच्या अगदी जवळ, भिंतीला पाठ लावून. मी चहा करायचे. म्हणून त्या दिवशी त्या तिथे होत्या.

पुढचे मी मातीखाली होते, त्यामुळे मला समोरच्या फुलवालीने सांगितले. ती अर्ध्या गोष्टी वाढवून सांगते, पण हे तिने तीनदा सांगितले आणि तिन्ही वेळा सारखेच सांगितले.

भिंत पडली तेव्हा मिस्त्री लगाम घालून बातम्या पाहत होते. आवाज त्यांना आला नाही, पायाला कळले. अनवाणीच मागे धावले. खोलीच्या जागी ढीग. गल्लीतली माणसे ओरडत होती, कोणी पत्रे ओढत होते. मिस्त्रींनी बायकोच्या नावाने हाक मारली. एकच. मग घरात जाऊन डबा आणि माइक घेऊन आले.

जेसीबीवाल्याने पाहून सांगितले, "तो गर्डर उचलतो. वरचा ढीग सरकला की टीव्हीकडची बाजू पंधरा-वीस मिनिटात मोकळी होते." मिस्त्रीणबाई कुठे बसतात ते गल्लीत सगळ्यांना माहीत होते. सगळे म्हणाले, कर. मिस्त्रींना हाताने खुणावून सांगितले. त्यांनीही मान हलवली. मशीन सुरू झाले. मिस्त्रींनी प्लास्टिकच्या पाइपाला माइक बांधला आणि ढिगाच्या एका फटीतून आत सरकवला, पुष्कळ आत.

आणि मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून फुली केली. जिनात पट्टा बंद करायची खूण. जेसीबीवाल्याला ती कुठून कळणार? त्याने गर्डरला दात लावलेच होते. मिस्त्री जाऊन त्या दातांखाली उभे राहिले.

"ओ बाबा, बाजूले व्हा! मराचं आहे काय?"

"बंद कर."

"तुमाले समजून नाई राहिलं, तुमच्याच बायकोले काढून राहिलो!"

"खाली जितं मानूस आहे. बंद म्हनून राहिलं."

"तुमाले काय आयकू येते, बाबा!" तो ओरडला, आणि दोघे-चौघे त्या तसल्या वेळीही हसले.

मिस्त्री मशीनवर चढले, लगाम कानातून काढला आणि त्या माणसाच्या कानात घातला. फुलवाली म्हणते, त्याने आधी झटकून टाकायला हात वर नेला आणि मग हात तसाच राहिला. त्याने चावी फिरवली. मशीन बंद झाले. मग त्याने हाताने खुणावून विचारले, "कोन आहे?"

मिस्त्री म्हणाले, "जिनातली बाई."

हे मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिले आहे. ठोके ओट्याकडून येत होते, गर्डरच्या अगदी खालून. गर्डर उचलला असता तर वरचा सगळा ढीग माझ्यावर आला असता आणि पलंगाकडची बाजू मोकळी झाली असती. मिस्त्रीणबाईंना ठोके येत नव्हते. म्हणजे जे तीन ठोके मिस्त्रींनी ऐकले, ते ऐकल्याबरोबर त्यांना कळले की ही माझी बायको नाही. शेजारी त्यांना पुन्हा खुणावून म्हणाले, मिस्त्री, तुमची बाई तिकडं आहे, वेळ जाते. फुलवाली म्हणते, ते पलंगाच्या बाजूकडे पाहत उभे राहिले, एक विडी ओढून होईल इतका वेळ. मग म्हणाले, "गर्डरले हात नका लावू. हातानं काढा. दोन्हीकून."

गर्डरचे एक टोक ढिगाबाहेर आलेले होते. त्यावर त्यांनी पान्याने ठोकले. मी खाली होते, मशीन थांबलेले मला कळले होते. ठोका आला आणि मी घाबरले. दुसरा आला तर दोन होतील, दोन म्हणजे चालू. मी श्वास धरून राहिले. दुसरा आला नाही. एकच. थांब, माल येऊन राहिला.

मी एक ठोका परत दिला. थोड्या वेळाने पुन्हा वरून एक आला. लोक घमेल्यांनी माती काढत होते, मिस्त्री एका हाताने विटा उचलत होते आणि दर थोड्या वेळाने एक ठोका देत होते. मधे मला झोप यायला लागली. तेव्हा ठोका आला की मी त्यांना शिवी द्यायचे आणि परत ठोकायचे. तीन तास असे चालले. त्या तीन तासांत मिस्त्रींनी एकदाही ठोका चुकवला नाही. पलंगाच्या बाजूनेही माइक घालून त्यांनी ऐकले, दोनदा. तिकडून काही आले नाही. तरी तिकडची घमेली त्यांनी थांबवली नाहीत आणि इकडचीही नाहीत.

मला आधी काढले. मिस्त्रीणबाईंना त्यानंतर तासाभराने.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, त्या लगेचच गेल्या असतील, त्रास झाला नसेल. डॉक्टर असेच म्हणतात. मला खरे काय ते माहीत नाही. मिस्त्रींनाही नाही.

राख सावडून झाल्यावर मिस्त्री मला पाहायला दवाखान्यात आले. गळ्यात लगाम नव्हता. खाटेशी उभे राहून त्यांनी प्लास्टरवर तळहात ठेवला, मग काढून घेतला. मी रडले नाही, तेही रडले नाहीत. वॉर्डात तीस-पस्तीस बाया होत्या, सगळ्या आमच्याकडे पाहत होत्या.

ते म्हणाले, "तिनं काही म्हटलं काय? भिंत पडाच्या आधी?"

मी मान हलवून म्हटले, "म्हटलं."

"काय?"

मी सांगितले. त्यांना ऐकू आले नाही. मी मोठ्याने सांगितले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, पण त्यांना ऐकू आले नाही. मग त्यांनी माझ्या खाटेच्या लोखंडी दांड्यावर हात टेकला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणले आणि माझ्या ओठांकडे पाहत राहिले. खोटे बोलायचे मनात आले होते. तुमचे नाव घेतले असे सांगता आले असते. पण या माणसापुढे खोटे बोलून काय करणार? पाठीवर हात ठेवून फुप्फुसातले पाणी ओळखणारा माणूस.

मी ओरडले, "म्हनली, टीव्हीचा आवाज वाढव व, मले काहीच आयकू येऊन नाई राहिलं!"

मिस्त्रींनी मान हलवली. "समजलं," म्हणाले. दांड्यावरचा हात काढला आणि गेले. पुढच्या महिन्यात लेक त्यांना अमरावतीला घेऊन गेली.

त्या खोलीत आम्ही दोघी होतो. त्यांची बायको गेली. मी वाचले.